लाइट बिल खरंच कमी करायचंय? मग या क्रमाने घर तपासा

उन्हाळा लागला की लाइट बिलाची ओरड सुरू होते आणि मग घरातलं कोणीतरी चार्जर काढा, पॅसेजमधला बल्ब बंद करा म्हणून सगळ्यांच्या मागे लागतं. बल्ब बंद करायलाच हवा, त्यात वाद नाही, पण तेवढ्याने बिल हलत नाही. बिल फुगवणाऱ्या वस्तू घरात तीन-चारच असतात, आणि त्या नेमक्या कुठल्या हे प्रत्येक घरात वेगळं असतं. पगारातला मोठा तुकडा दर महिन्याला बिलात जाताना बघून वाईट वाटतं, कारण बऱ्याच घरांत त्यातला बराचसा भाग आरामात कमी करता येतो, कोणाला उकाड्यात न बसवता. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतेय. मी महावितरणचं बिल धरून लिहिलंय, मुंबईत बेस्ट, अदानी नाहीतर टाटा पॉवरचं कनेक्शन असेल तर दर वेगळे असतील, पण तपासायची पद्धत हीच.

पहिलं काम: बिल नीट वाचा

बिल आलं की सगळ्यांची नजर रकमेवर जाते. आधी युनिट बघा. घरगुती वापराचे टप्पे असे आहेत: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. पहिल्या शंभराचा दर आणि त्यापुढच्या दोनशेचा दर यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे, आणि पुढचे टप्पे अजून महाग. बऱ्याच जणांना वाटतं की ३०० ओलांडलं की सगळीच युनिट महागड्या दराने लागतात, तसं नाहीये, फक्त ३०० च्या वरची तेवढीच त्या दराने लागतात. पण याचा दुसरा अर्थ फार कामाचा आहे. तुम्ही जे युनिट वाचवता ते वरच्या टोकाचं असतं, म्हणजे तुमच्या बिलातलं सगळ्यात महाग युनिट. २५० युनिट वापरणाऱ्या घराने एक युनिट वाचवलं की वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि त्यावरचं १६ टक्के विद्युत शुल्क (सरकारी कर) धरून साधारण बारा-तेरा रुपये वाचतात. सरासरी काढून 'आपल्याला तर आठ रुपये पडतं' असा हिशोब केला तर वाचवण्यातला फायदा कायम कमीच दिसणार. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे आपला ताजा दर बघून घ्या.

मग बघा बिल किती दिवसांचं आहे, मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग खरंच लिहिलंय का, की सरासरीवर बिल काढलंय. दार बंद होतं म्हणून रीडिंग झालं नाही असं दोन महिने चाललं की तिसऱ्या महिन्यात एकदम मोठं बिल येतं आणि लोकांना वाटतं मीटर पळतंय. महावितरणच्या ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवायची सोय आहे, ती वापरा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही दिलेला असतो, त्यात जानेवारी आणि मे शेजारी ठेवून बघा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा उन्हाळ्याचा खर्च, पंखे-कूलर-एसी, आणि जो जानेवारीतही आहे तो बारमाही खर्च. कुठे हात घालायचा हे तिथेच अर्धं कळतं.

अजून एक, थ्री फेज कनेक्शन असेल तर स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा कितीतरी जास्त असतो, एक युनिट जाळलं नाही तरी. बंगला बांधताना मोठ्या मोटरसाठी थ्री फेज घेतलेलं असतं आणि आता ती मोटरही नसते, अशी घरं पुष्कळ आहेत. घरातल्या सगळ्या वस्तूंचा लोड सिंगल फेजमध्ये बसत असेल तर तसं करून घ्या. आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू किंवा वेगळी चूल असलेला भाऊ राहत असेल आणि सगळं एकाच मीटरवर चाललं असेल तर दोघांचीही युनिट वरच्या टप्प्यात जातात, तिथे रीतसर कागदपत्रं देऊन वेगळं कनेक्शन घेणं दोघांच्याही फायद्याचं.

दुसरं काम: मीटरसमोर दहा मिनिटं उभं राहा

हे कोणी करत नाही आणि खरी माहिती इथेच मिळते. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, आणि पाटीवर लिहिलेलं असतं की एका युनिटला किती लुकलुक, उदाहरणार्थ ३२००. आता घरातलं सगळं बंद करा, फक्त फ्रिज चालू ठेवा, आणि एका लुकलुकीपासून पुढच्या लुकलुकीपर्यंत किती सेकंद जातात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. ३६ लाखाला आधी ३२०० ने आणि मग आलेल्या सेकंदांनी भागायचं, आला तो आकडा म्हणजे त्या क्षणाला घर ओढत असलेले वॉट. दहा सेकंदाला एक लुकलुक असेल तर साधारण ११२ वॉट. असं एकेक वस्तू चालू करून बघत गेलात तर तुमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूचा खरा आकडा तुमच्या वहीत येतो, कंपनीच्या स्टिकरवरचा नाही.

मग फ्रिजचा प्लग पण काढा. घरातला मेन चालू, पण सगळी बटणं बंद, प्लग काढलेले. तरी दिवा लुकलुकतोय? म्हणजे कुठेतरी काहीतरी चालू राहिलंय (सेट टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर, डोअरबेल हे आधी बघा) किंवा वायरिंगमध्ये लीकेज आहे. गिझरचं एलिमेंट खराब झालं तरी करंट अर्थमधून जात राहतो, आणि काही मीटरवर त्यासाठी अर्थ लीकेजचा वेगळा इंडिकेटर असतो. हे पैशापुरतं नाहीये, बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं, त्यामुळे लगेच लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि घरात आरसीसीबी (लीकेज झालं की वीज लगेच तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

त्यानंतर घरातला मेनच बंद करा. आता मीटरला काहीच जाता कामा नये. तरी लुकलुकतंय तर एकतर मीटर ते मेन यामध्ये गडबड आहे किंवा तुमच्या मीटरवरून दुसऱ्या कोणाचं तरी कनेक्शन गेलंय. जुन्या चाळी, वाडे आणि मीटर रूममध्ये वायरींचा गुंता असलेल्या सोसायट्यांमध्ये असं होतं, मुद्दाम केलेलं असतं असं नाही, कधीकाळी रिपेअरीत वायर अदलाबदल झालेली असते. मीटरबद्दलच शंका असेल तर फी भरून मीटर टेस्टिंगचा अर्ज करता येतो. १९१२ वर तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा, तिथे काही झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल.

गावाला जाताना तर ही तपासणी आपोआप होते. गणपतीला कोकणात निघालात, फ्रिज चालू ठेवून बाकी सगळं बंद केलंत, की कुलूप लावण्याआधी मीटरचा फोटो काढा, परत आल्यावर पुन्हा काढा. वजाबाकी केली आणि दिवसांनी भागलं की फ्रिजचा रोजचा खर्च हातात. चांगला फ्रिज दिवसाला अर्ध्या-पाऊण युनिटच्या आसपास असतो. दीड-दोन युनिट निघालं तर फ्रिजकडे बघायची वेळ आलीये.

तिसरं काम: वहीत हिशोब मांडा

वॉट गुणिले रोजचे तास गुणिले ३०, भागिले १०००, बस. हे घरातल्या मुलांना करायला द्या, त्यांना मजा येते आणि मग तीच मोठ्यांच्या मागे लागतात. या हिशोबात तुम्हाला दिसेल की २००० वॉटचा गिझर अर्धा तास आणि ७५ वॉटचा पंखा चौदा तास, दोघांचा महिना जवळपास सारखाच, तीस-एकतीस युनिट. गिझरला सगळे घाबरतात, पंख्याकडे कोणी बघत नाही. मोबाइलचा रिकामा चार्जर मात्र नगण्य आहे, त्याच्यावरून घरात भांडणं नकोत. सेट टॉप बॉक्सचं तसं नाही, टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो दिवसरात्र चालू राहतो, वर्षाची युनिट धरली तर बऱ्यापैकी होतात, म्हणून टीव्हीच्या मागचा एकच स्विच बंद करायची सवय लावायची.

पंखे, आणि इथे सगळ्यात जास्त मिळतं

जुना पंखा फुल स्पीडला ७० ते ८० वॉट घेतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे नव्या प्रकारच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तेवढ्याच हवेला २८ ते ३५ वॉट. रोज पंधरा तास चालणारा ७५ वॉटचा पंखा महिन्याला जवळपास ३४ युनिट, बीएलडीसी साडेतेराच्या आसपास, म्हणजे एका पंख्यामागे वीस युनिट वाचली. दुसऱ्या टप्प्यात असाल तर महिन्याला सव्वादोनशे-अडीचशे रुपये. पंखा अडीच-तीन हजारांना मिळतो, म्हणजे एक-सव्वा वर्षात पैसे वसूल. तुमचं बिलच शंभर युनिटच्या आत असेल तर वसुलीला दुप्पट वेळ लागेल, मग घाई करू नका, जुना बंद पडला की बदला.

सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. वहीत बघा, सगळ्यात जास्त तास चालणारा कुठला, बहुतेक हॉलचा आणि आजी-आजोबांच्या खोलीतला, तिथून सुरुवात करा. बसवताना जुना रेग्युलेटर काढून टाका, बीएलडीसीला तो लागत नाही आणि त्याच्यावर चालवला तर पंखा खराब होतो. वयस्कर मंडळींना रिमोट झेपत नाही, तर भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारी मॉडेल्सही मिळतात, दुकानात तशी मागा. स्टार लेबल पंख्यांना २०२३ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे लेबल नसलेला नवीन पंखा घेऊच नका. आणि तो मोठा डबा असलेला जुन्या पद्धतीचा गरम होणारा रेग्युलेटर अजून भिंतीवर असेल तर पंखा बदला न बदला, तो आधी काढा, कारण त्यात स्पीड कमी केला तरी उरलेली वीज उष्णतेत जाते.

ट्यूबचं थोडक्यात: चोकवाली जुनी ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर वॉट घेते, एलईडी वीसच्या आत भागवते. एवढं करून टाका.

एसी की कूलर

नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव, कोरडी हवा असेल तिथे कूलरसारखी गोष्ट नाही. दीडशे-दोनशे वॉटमध्ये अख्खी खोली गार, आणि दीड टनी एसी त्याच्या कितीतरी पट ओढतो. फक्त कूलर खिडकीत बाहेरून हवा घेईल असा ठेवायचा आणि समोरची खिडकी नाहीतर दार थोडं उघडं ठेवायचं, बंद खोलीत कूलर लावून चिकचिक होते म्हणणारे बहुतेक हीच चूक करतात. खस दर सीझनला बदला. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे हवेतच पाणी असतं, तिथे कूलरवर पैसे घालू नका.

एसी आहे तर २४ ते २६ वर ठेवा आणि सोबत छताचा पंखा मंद चालवा. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर जास्त वेळ पळतो, आणि एक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, म्हणूनच २०२० पासून नवीन एसी २४ डिग्रीच्या डिफॉल्टवर येतात. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, यासाठी माणूस बोलवायची गरज नाही, पुढचं झाकण उचललं की जाळी हातात येते. बाहेरच्या युनिटला हवा खेळती पाहिजे, त्याच्यासमोर कपडे वाळत घालू नका. इन्व्हर्टर एसी गार झाला की बंद, गरम झालं की चालू असं करत बसू नका, खोली गार झाली की तो स्वतःच वीज कमी ओढतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एसी घ्यायच्या आधी गच्चीकडे बघा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीला चुना नाहीतर पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह पेंट मारला, हिरवी नेट बांधली, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताडपत्री नाहीतर बांबूची चिक लावली, तर खोलीत फरक जाणवतो आणि रात्रीचा एसी एक-दोन तास उशिरा लागतो. चुन्याचा खर्च काहीच नाही, एप्रिल लागायच्या आत करून घ्या.

गरम पाणी

एका माणसाची बादलीभर अंघोळ म्हणजे थंडीत साधारण अर्धं युनिट, हे भौतिकशास्त्र आहे, कुठलाही गिझर घ्या, यापेक्षा फार खाली जाणार नाही. वाया जातं ते बाकीचं. गिझर तासभर आधी लावून ठेवणं, अंघोळीला जाताना बंद न करणं, शॉवर सोडून उभं राहणं. थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा, ७० वर तापवून मग त्यात थंड ओतण्यात काही अर्थ नाही. सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकल्या तर टाकीतलं पाणी निवायला वेळ मिळत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर एलिमेंटवर क्षार चढतात, वर्षाला एकदा खोलून साफ करून घ्या आणि आतला ॲनोड रॉडही (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) बघायला सांगा.

गॅस गिझर स्वस्त पडतो, पण तो बंद बाथरूमच्या आत लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो आणि दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गिझर बाहेर बाल्कनीत, पाइप आत. स्वतःची गच्ची असेल तर सोलर वॉटर हीटर बसवा. आणि सांगली-कोल्हापूरकडे ज्यांच्या परसात अजून तांब्याचा बंब आहे त्यांनी तो भंगारात देऊ नये, पालापाचोळा आणि नारळाच्या शेंड्यांवर अख्ख्या घराचं पाणी तापतं.

फ्रिज आणि पाण्याची मोटर

फ्रिजच्या दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा, नोट सहज ओढली गेली तर रबर ढिलं झालंय, ते बदलून मिळतं. मागे चार बोटं जागा सोडा. बर्फ साठू देऊ नका. गरम आमटी सरळ आत ठेवू नका. रात्री फ्रिज बंद ठेवून काही वाचत नाही, सकाळी तेवढीच वीज परत ओढतो आणि दूध-भाजी खराब होते ती वेगळी.

बंगला किंवा रो हाऊस असेल तर मोटर बघा. अर्ध्या तासात भरणारी टाकी आता तासभर घेत असेल तर फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) गळतोय किंवा पाइपात हवा येतेय, तेवढ्या दुप्पट वेळेचे पैसे तुम्ही भरताय. टाकी ओव्हरफ्लो होऊन गच्चीवर पाणी वाहत असेल तर ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर लावा. गळका नळ हासुद्धा विजेचाच खर्च आहे, कारण ते पाणी मोटरनेच वर गेलंय.

गॅस की इंडक्शन

हल्ली बरेच जण विचारतात. १४.२ किलोच्या सिलेंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करायला माझ्या हिशोबाने साधारण ११०-१२० युनिट लागतात. तुम्ही दुसऱ्या टप्प्यात असाल तर ती चौदाशे-पंधराशेची वीज झाली, आणि सिलेंडर त्याहून बराच स्वस्त आहे. म्हणजे बिल कमी करायला म्हणून इंडक्शन घेऊ नका. सोलर असेल किंवा वापर शंभरच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. गॅसवरच वाचवायचं तर डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, कुकरला पहिली शिट्टी आली की आच बारीक करा, ज्योत भांड्याच्या बाहेर येऊ देऊ नका, आणि ज्योत पिवळी दिसली की बर्नर सुईने साफ करा.

बिल भरताना

बिलावर रक्कम एकापेक्षा जास्त वेळा लिहिलेली असते, लवकर भरल्यास इतकी, अंतिम तारखेपर्यंत इतकी, त्यानंतर इतकी. लवकरच्या तारखेला भरलं तर साधारण एक टक्का सूट आणि ऑनलाइन भरलं तर अजून पाव टक्का. रक्कम छोटी आहे, पण उशिरा भरल्याचा आकार त्यापेक्षा जास्त बसतो. नवीन टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारं) बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर घरगुती ग्राहकांनाही सवलत आहे. वॉशिंग मशिन, इस्त्री, मोटर, इन्व्हर्टरचं चार्जिंग हे सगळं त्या वेळात ढकला, आणि पुढच्या बिलात ती सवलत खरंच लागलीये का ते बघा.

सोलर सगळ्यात शेवटी

हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. ३०० युनिट वापरावर सोलर बसवलं तर तीन किलोवॅट लागेल, आणि वरची कामं करून वापर २०० वर आणला तर दोन किलोवॅटमध्ये भागतं. आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तला एकूण ७८ हजार सबसिडी आहे. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी मीटिंगमध्ये विषय काढावा, त्यासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात.

वेंडर ठरवताना योजनेच्या पोर्टलवर नोंद असलेलाच घ्या, निदान तिघांकडून कोटेशन मागवा, आणि सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी चार असं तीनदा गच्चीवर जाऊन टाकीची, शेजारच्या बिल्डिंगची, नारळाची सावली कुठे पडते ते स्वतः बघा. एका पॅनलवर सावली पडली तरी त्या ओळीतलं उत्पादन घटतं. नेट मीटर (सोलरची जादा वीज बाहेर गेली तर तीही मोजणारं) बसेपर्यंत वेंडरला शेवटचा हप्ता देऊ नका. पॅनल दर दोन आठवड्यांनी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर साध्या पाण्याने धुवायचे, भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही.